एकट्याची पहिली लांब राइड: डिचोली ते अलिबाग, खाड्या मोजत

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला पण आता रूट पक्का झालाय. दिवाळीनंतर, म्हणजे पाऊस नीट गेला आणि रस्ते सुकले की डिचोलीहून निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबाग गाठायचं, एकट्यानेच. गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०. जाताना सागरी मार्ग, येताना सरळ मुंबई-गोवा हायवे. बऱ्याच जणांनी विचारलं की हायवेने जा ना, एका दिवसात पोचशील, तर सांगतो, मला अलिबागला पोचायची घाई नाहीच आहे, मला तो रेडी ते रेवसचा रस्ता बघायचाय, मधली एकेक खाडी ओलांडत.

आणि नकाशा घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की या रस्त्यावर किलोमीटर मोजून काही उपयोग नाही. एका बाजूचं अंतर सहाशेच्या आसपास आहे, ऐकायला काहीच वाटत नाही, पण जयगडच्या जेटीवर उभं राहिलं की समोर तवसाळ दिसतं आणि मध्ये शास्त्री नदीची खाडी, गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट चुकली तर एक तर पुढच्या बोटीची वाट बघा नाहीतर आत भातगावच्या पुलावरून वळसा घाला. तसंच पुढे धोपावे-दाभोळला वाशिष्ठी, तिथे वळसा घ्यायचा तर पार चिपळूणवरून, मग वेश्वी-बागमांडल्याला सावित्री म्हणजे बाणकोटची खाडी, तिथे आंबेतचा पूल, आणि शेवटी दिघी-आगरदांडा, राजपुरीची खाडी. म्हणून मी आता दिवस खाड्यांवर बेतलाय. मुक्काम असा ठेवायचा की बोट सकाळी पकडायची. गणपतीपुळ्याला राहिलं की जयगड अगदी जवळ, गुहागरला राहिलं की धोपावे जवळ, हर्णे किंवा केळशीला राहिलं की वेश्वी, आणि दिवेआगरला राहिलं की दिघी. सकाळी गर्दी कमी असते, आपलं डोकं ताजं असतं, आणि बोट काही कारणाने बंद असली तरी वळसा घालायला पूर्ण दिवस हातात राहतो. मला वाटतं एकट्या माणसासाठी ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण संध्याकाळी पाच वाजता जेटीवर बोट बंद आहे असं कळलं तर बरोबर कोणी नसताना अंधारात घाट चढायची वेळ येते.

भरती-ओहोटीचंही बघतोय. आमच्या ओळखीतल्या एका रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे पकडणाऱ्या) काकांनी जुना हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येतो तितके वाजायच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अंदाजाचाच हिशोब आहे पण कॅलेंडर बघून मी प्रत्येक बोटीच्या दिवसासमोर लिहून ठेवलंय, कारण ओहोटीला जेटीचा उतार खालपर्यंत उघडा पडतो, ओला असतो, शेवाळ असतं, आणि सामान लादलेली जड गाडी तिथून बोटीवर चढवायची म्हणजे मजा नाही. गाडी रिकामीच १९५ किलोची आहे.

याची प्रॅक्टिस मात्र आपल्या गोव्यात घरबसल्या होते! डिचोलीहून मये, तिथून चोडण आणि चोडण-रायबंदर फेरीबोट. गाडीला दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा बांधल्या, त्यात तांदळाच्या पिशव्या भरल्या, आणि फेरीवर चढणं-उतरणं चालू केलं. शिकलो ते असं, रॅम्पच्या लोखंडी पट्टीवर पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडा धरून सरळ रेषेत जायचं, हँडल वळवायचं ते पूर्ण आत गेल्यावरच. उभी केली की इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, आणि आपण गाडीच्या बाजूलाच हात ठेवून उभं राहायचं, फोटो काढायला कठड्याकडे जायचं नाही. मागे वजन जास्त झालं की पुढचं चाक हलकं वाटतं, म्हणून जड वस्तू (टूलकिट, ट्यूब, पंप) बॅगेच्या तळाला आणि शक्य तितक्या सीटकडे, कपडे वर. हा एक बदल केल्यावर गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागली.

पंक्चर हा माझा मोठा विषय आहे. माझ्या गाडीला स्पोक व्हील (तारांची चाकं) आहेत, म्हणजे ट्यूबवाले टायर, म्हणजे प्लग मारून पुढे जायची सोय नाही, चाक काढावंच लागतं. पुढचं १९ इंची, मागचं १८ इंची, त्यामुळे दोन्हीच्या ट्यूब बरोबर घेतोय. बाजारातल्या पंक्चरवाल्या भाईंकडे रविवारी बसून मागचं चाक काढायला शिकलो, त्यांनी एकदाही माझ्या हातातून लिव्हर घेतली नाही, फक्त बघत राहिले आणि सांगत राहिले, टायरची कड आधी समोरच्या बाजूने रिमच्या खोलगट भागात दाब मग इकडे लिव्हर लाव. ते एवढं एक कळलं की अर्धी ताकद वाचते. आता चाक काढून ट्यूब बदलून परत बसवणं जमतं, वेळ लागतो पण जमतं. क्लचची स्पेअर केबल जुन्या केबलच्या बाजूनेच ओढून टाय मारून ठेवलीय, तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची. चेन ल्यूब रोज संध्याकाळी, मुक्कामाला पोचल्यावर चेन गरम असतानाच.

पेट्रोलची काळजी फार नाही, टाकी १३ लिटरची, मला ॲव्हरेज लिटरला पस्तीस किलोमीटरच्या आसपास मिळतं. तरी अर्धी टाकी झाली की भरायचीच, कारण किनाऱ्याच्या रस्त्याला पंप मोठ्या गावातच असतात. आणि गोव्यात स्वस्त असल्यामुळे निघताना फुल करूनच सीमा ओलांडायची.

सुरुवातही फेरीबोटीनेच करणार आहे, पेडण्याच्या केरीहून तेरेखोल, मग रेडी, शिरोडा, वेंगुर्ला, मालवण. ती बोट नसेल तर किरणपाणी-आरोंदा पूल आहेच. पुढे कुणकेश्वर, विजयदुर्ग, जैतापूर, पावस.

घरी सांगणं हे वेगळंच प्रकरण होतं. आईचं म्हणणं, "बरोबर कोणाला तरी घेऊन जा रे." बाबा काही बोलले नाहीत, नकाशा मागून घेतला आणि मुक्कामाची गावं एका कागदावर लिहून फ्रीजवर लावली. ठरलंय असं की प्रत्येक बोट उतरलो की मेसेज, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला. लाइव्ह लोकेशनवर मी विसंबणार नाही, त्या पट्ट्यात खाडीला उतरलं की नेटवर्क जातं. खरं सांगू, ही बोटीनंतर मेसेजची शिस्त मला आवडलीय, त्यांनाही पुढचा मेसेज कधी यायला हवा ते माहीत असतं.

निघायच्या आधी एक मोठी चाचणी बाकी आहे. पूर्ण सामान लादून साखळी, चोर्ला घाट, जांबोटी, बेळगाव, तिथून शिनोळी, पाटणे फाटा आणि तिलारी घाट उतरून दोडामार्गवरून परत डिचोली. तिलारीची वळणं आणि उतार असा आहे की लादलेल्या गाडीचं ब्रेकिंग तिथेच कळेल, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर उतरवायची, ब्रेकवर बसायचं नाही. तिथे काही हललं, सुटलं, घासलं तर घरी येऊन दुरुस्त करता येईल.

आता तुमच्याकडून हवंय ते, ज्यांनी हा रस्ता हल्लीच केलाय त्यांनी सांगा, केळशी ते वेश्वी रस्ता सध्या कसा आहे, आणि शनिवार-रविवारी दिघीला दुचाकींना लाइनीत थांबावं लागतं की गाड्यांच्या बाजूने पुढे सोडतात? त्यावरून दिवेआगरचा मुक्काम शुक्रवारी ठेवायचा की सोमवारी ते ठरवतो.