आवाज फाइलीतच होता

मंगळवार, रात्री उशिरा

दुपारी सहकाऱ्याकडून स्क्रीन रेकॉर्डिंग आलं. चाळीस मिनिटांचं प्रशिक्षण, त्याचे छोटे भाग पाडायचे होते. व्हिडिओ एडिटरमध्ये फाइल ओढली, टाइमलाइनवर टाकली. चित्राची पट्टी आली, तिच्याखाली आवाजाची पट्टीच नाही. रिकामी नव्हे, मुळात आलीच नाही. फोन केला तर उत्तर ठरलेलं: "माझ्याकडे तर नीट वाजतंय. तुमच्याच सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल."

त्याचंही खरं होतं आणि माझंही. एरवी अशा वेळी लोक सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, ड्रायव्हर अपडेट करतात, संगणक दोनदा बंद-चालू करतात. मला हे अजिबात पटत नाही. आवाज हरवण्याच्या जागा तीनच. एक तर तो रेकॉर्डच झाला नाही, किंवा फाइलीत आहे पण एडिटरला वाचता येत नाही, किंवा टाइमलाइनवर पोहोचलाय पण ऐकू येत नाही. यातलं नेमकं काय झालंय ते कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नये.

आधी फाइलीच्या पोटात बघितलं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडून कंट्रोल आणि जे दाबलं की कोडेकची, म्हणजे चित्र आणि आवाज कुठल्या पद्धतीने साठवलेत त्याची, माहिती दिसते. वर 'स्ट्रीम ०', प्रकार व्हिडिओ, एच.२६४. खाली 'स्ट्रीम १', प्रकार ऑडिओ, कोडेक ओपस, ४८००० हर्ट्झ, स्टिरिओ. म्हणजे आवाज आहे, धडधाकट आहे. फाइलीचं आडनाव एमपी४ असलं तरी आत एएसी हा नेहमीचा ऑडिओ कोडेक नसून ओपस निघाला, आणि माझा एडिटर एमपी४ मधला ओपस घेत नाही.

इथेच बहुतेकांची फसगत होते. एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही हे नुसते डबे आहेत. डब्यावरच्या लेबलावरून आत काय भरलंय ते कळत नाही. व्हीएलसी स्वतःचे डीकोडर, म्हणजे कोडेक उलगडणारे भाग, सोबत घेऊन येतो, म्हणून जवळपास काहीही वाजवतो. एडिटरची यादी त्यामानाने आखडती असते. त्यामुळे 'प्लेअरमध्ये वाजतं' एवढ्यावरून फाइल एडिटिंगला चालेल असं समजू नये. त्यावरून फक्त आवाज रेकॉर्ड झालाय एवढंच सिद्ध होतं. अर्थात तेही थोडं नाही, कारण मग पुन्हा बोलायला बसावं लागत नाही.

उपाय एफएफएमपेग या आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनाने केला. व्हिडिओला 'कॉपी' सांगितलं, ऑडिओला १६ बिट पीसीएम, म्हणजे न दाबलेला कच्चा आवाज, आणि नवी फाइल एमओव्ही. चित्राला धक्काही लागत नाही, फक्त आवाज नव्याने लिहिला जातो, त्यामुळे काम चटकन उरकतं आणि चित्राचा दर्जा तसाच राहतो. पूर्ण व्हिडिओ पुन्हा एन्कोड करायचा, म्हणजे नव्याने दाबून साठवायचा, सल्ला सर्रास दिला जातो, तो मला उधळपट्टी वाटतो. वेळ जातो तो जातोच, वर स्क्रीनवरची बारीक अक्षरं आणखी पुसट होतात. पीसीएमने फाइल फुगते हे खरं. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी, चाळीस मिनिटांना सुमारे ४६० एमबी. काम संपलं की ती फाइल उडवायचीच असते, म्हणून चालतं.

यात एक खोच आहे. एफएफएमपेगला वेगळं काही सांगितलं नाही तर तो ऑडिओचा एकच ट्रॅक उचलतो. माइक एका ट्रॅकवर आणि संगणकाचा आवाज दुसऱ्यावर असेल तर त्यातला एक गुपचूप गळतो. 'मॅप ०' हा पर्याय लावला की सगळे ट्रॅक येतात. ज्यांना काळ्या खिडकीत टाइप करायची धास्ती वाटते त्यांनी ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमध्ये एफएफएमपेगची लायब्ररी जोडावी, व्हिडिओ फाइल उघडावी, आवाज वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढावा आणि टाइमलाइनवर सुरुवात जुळवून ठेवावा.

संध्याकाळी त्याच सहकाऱ्याने विचारलं, "मग ओबीएसमध्ये रीमक्स करून दिलं असतं तर?" नसतं चाललं. ओबीएस हे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, आणि रीमक्स म्हणजे माल तोच, फक्त डबा बदलायचा. ओबीएसवर एमकेव्हीत रेकॉर्ड करणं शहाणपणाचंच आहे, कारण मध्येच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग हाती राहतं. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, ती राहून गेली की अख्खी फाइल उघडत नाही. एडिटर एमकेव्हीलाच नाक मुरडत असेल तर फाइल मेनूतलं रीमक्स बरोबर कामाला येतं. पण आतला ओपस रीमक्सनंतरही ओपसच.

कोडेकच्या माहितीत ऑडिओची स्ट्रीमच नसेल तर मात्र शोध थांबवावा. आयफोनवर स्क्रीन रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरलं की माइकचा पर्याय येतो, तो बंद असेल तर आपलं बोलणं येत नाही. मॅकवर क्विकटाइमने रेकॉर्ड करताना माइक मिळतो, संगणकातला आवाज थेट मिळत नाही, त्यासाठी ब्लॅकहोलसारखं आभासी ऑडिओ साधन लावावं लागतं. अँड्रॉइडमध्ये इतर अ‍ॅपचा आवाज पकडायची सोय १० व्या आवृत्तीपासून आली, आणि तरीही एखादं अ‍ॅप त्याला नकार देऊ शकतं. जे रेकॉर्डच झालं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. व्हिडिओ बघत बघत नव्याने बोलून घ्यावं, झालं.

आवाज हरवण्याची तिसरी जात सगळ्यात छळते. लाटा टाइमलाइनवर दिसतात आणि ऐकू काही येत नाही. म्यूट, सोलो (एकच ट्रॅक वाजवायचं बटण), आउटपुट कुठल्या उपकरणाकडे जातंय, हे तर बघायचंच. पण कधी कधी डावा आणि उजवा चॅनल एकमेकांच्या बरोब्बर उलटे असतात. हेडफोनवर ऐकू येतं, जरा पोकळ वाटतं इतकंच. तोच आवाज मोनो केला, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र केले, की दोन्हींची बेरीज शून्य आणि बोलणारा गायब. लाटा मोठ्या करून पाहिल्या तर डावीकडचा डोंगर तिथे उजवीकडची दरी असं दिसतं. अशा वेळी एकच चॅनल ठेवायचा आणि तो दोन्हीकडे वाजवायचा.

आजची फाइल शेवटी चालली. आवाज आल्यावर मी उडी मारून आधी शेवटचं मिनिट ऐकलं, कारण स्क्रीन रेकॉर्डिंगचा, विशेषतः फोनवरच्या, फ्रेमदर (सेकंदाला किती चित्रं) स्थिर नसतो आणि सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटाकडे मागे-पुढे सरकू शकतो. तसं असतं तर हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमदरावर काढावं लागलं असतं, आणि तिथे पुन्हा एन्कोड करण्यावाचून गत्यंतर नाही. पण माउसची क्लिक आणि तिचा टक् असा आवाज एकाच फ्रेमवर पडत होता. सहकाऱ्याला रेकॉर्डरमध्ये ऑडिओ एन्कोडर एएसी करायला सांगितलंय. पुढचा लांबलचक भाग रेकॉर्ड करण्याआधी तो दहा सेकंदांची फाइल पाठवणार आहे. ती एडिटरमध्ये टाकून पाहीन आणि मगच त्याला बोलायला बस म्हणेन.