तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात नोकरीला जायचा सरळ मार्ग

"ताई, एजंटच्या नादी न लागता परदेशात नोकरीला कसं जायचं? सध्या कोणता देश सोपा आहे?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मी नर्स आहे आणि 2023 पासून जर्मनीतल्या एका रुग्णालयात काम करते. आजवर प्रत्येकाला सुटं सुटं उत्तर देत आले, आज एकदाच नीट लिहिते.

सोपा देश असा काही नसतो. नर्सला जो देश दार उघडतो, तोच देश अकाउंटंटला दारात उभं करत नाही. म्हणून देशाचं नाव नंतर. आधी कागदावर लिहा: मला कोणतं काम येतं, ते मी किती वर्षं केलंय, आणि ते येतं याचा पुरावा माझ्याकडे काय आहे. या तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक जण अडखळतात. मीही अडखळले होते.

जर्मनीत नर्सिंग हा नियमन असलेला पेशा आहे. म्हणजे तुमचं शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोडीचं आहे, असं तिथल्या सरकारी कार्यालयाने मान्य केल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. या मान्यतेला आनेरकेनुंग म्हणतात. तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणात 2,100 तास वर्गातले आणि 2,500 तास प्रत्यक्ष कामाचे असतात. तुमचे तास त्यांच्याशी ताडून बघतात आणि जिथे कमी पडतात ते लेखी कळवतात. माझ्या गुणपत्रिकांवर विषय होते, गुण होते, शिक्के होते, पण तास कुठेच नव्हते. ते लिहून घ्यायला मी माझ्या कॉलेजात तीनदा खेटे घातले. पहिल्यांदा "असं काही आम्ही देत नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा एका ओळीचं पत्र दिलं: अभ्यासक्रम नियमानुसार पूर्ण केला आहे. त्या पत्राचा काडीचा उपयोग नव्हता. तिसऱ्यांदा मी कोरा तक्ता स्वतः आखून नेला. डावीकडे वॉर्डांची नावं, उजवीकडे वर्गातले तास आणि वॉर्डातले तास असे दोन रकाने. तिथल्या एका मॅडमनी जुनी रजिस्टरं काढली आणि माझ्याशेजारी बसून एकेक आकडा भरला. त्या दुपारचं ऋण मी अजून मानते.

तरीही बालरोग आणि मानसोपचाराचे तास कमीच निघाले. अशा वेळी दोन पर्याय असतात: काही महिने रुग्णालयात राहून उणीव भरून काढायची, नाहीतर ज्ञानाची परीक्षा द्यायची. मी परीक्षा दिली. निकाल लागेपर्यंत मी मदतनीस म्हणून काम केलं, मदतनीसाच्या पगारावर. हे आधी माहीत असावं म्हणून सांगते. दहा वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईला अंथरुणं बदलायला लावतात तेव्हा जीव खट्टू होतो.

आणि भाषा. नर्सला साधारण बी-टू पातळीचं जर्मन लागतं (ए-वन ही सुरुवातीची पातळी, मग ए-टू, बी-वन, बी-टू अशी चढती). मी ड्यूटी सांभाळून दीड वर्ष शिकले. या दीड वर्षाला बगल देणारा रस्ता मला तरी सापडला नाही. "भाषेशिवाय महिनाभरात नर्सची नोकरी" असं कोणी सांगत असेल, तर तिथेच संभाषण थांबवा.

पेशा नियमनाखाली नसेल, तर चित्र वेगळं असतं. जर्मनीने 1 जून 2024 पासून चान्सनकार्टे, म्हणजे नोकरी शोधायला येण्याचा परवाना, सुरू केलं: पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण, ए-वन जर्मन किंवा बी-टू इंग्रजी, आणि शिक्षण, अनुभव, भाषा, वय अशा गोष्टींसाठी मिळणारे किमान सहा गुण असतील तर एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते. त्या काळात आठवड्याला 20 तास काम करायला परवानगी आहे, पण वर्षाचा खर्च भागेल एवढी सोय आधी दाखवावी लागते. गाठीला पैसे नसतील तर हा मार्ग धरू नका, कर्ज काढून तर नकोच. वर्षाच्या शेवटी नोकरी नसेल तर डोक्यावर कर्ज घेऊनच परतावं लागेल. बारावीनंतरच्या मुलामुलींना मी आउसबिल्डुंग सुचवते. ते शिकताना पगार मिळणारं दोन ते साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण आहे आणि त्यासाठी सहसा बी-वन जर्मन लागतं.

इतर देशांचं मी फक्त तेवढंच सांगते, जेवढं त्यांच्या सरकारी पानांवर वाचून लोकांना समजावलंय. जपानने एप्रिल 2019 मध्ये ठरावीक कौशल्यांसाठी खास व्हिसा आणला. वृद्धसेवा, बांधकाम, हॉटेल अशा क्षेत्रांत कौशल्याची परीक्षा आणि प्राथमिक जपानी यावर तो मिळतो, पण त्याच्या दोन प्रकारांपैकी पहिल्या प्रकारात मुक्काम सहसा जास्तीत जास्त पाच वर्षं आणि कुटुंब सोबत नेता येत नाही. अमेरिकेच्या एच-वन-बी या उच्चशिक्षितांच्या कामाच्या व्हिसाचा अर्ज मालकच करतो आणि वर्षाची मर्यादा 65,000, अधिक अमेरिकेतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी 20,000 इतकीच आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे कायमचं राहायला गुणांवर निवड करणाऱ्या ऑनलाइन पद्धतीत, स्वतःचं प्रोफाइल फुकट भरता येतं. वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण मिळतात. पूर्वी नोकरीच्या पत्राचेही जादा गुण मिळायचे. ती पत्रं विकली जाऊ लागली, म्हणून 25 मार्च 2025 पासून ते गुण काढून टाकले. तेव्हा "पत्र घ्या, गुण वाढतील" असं आजही कोणी म्हणत असेल तर तो तुम्हाला हवा विकतोय.

ब्रिटनबद्दल जरा थांबून लिहिते, कारण इथे माझ्या ओळखीचा एक मुलगा फसला. त्याने मला नोकरीचं पत्र पाठवलं. वृद्धाश्रमात केअर वर्करचं काम, लेटरहेड झकास, सही निळ्या शाईची. "ताई, एवढं एकदा बघ ना," इतकंच त्याचं म्हणणं. ब्रिटनमध्ये परदेशी कामगार घ्यायला मालकाकडे सरकारी परवाना लागतो आणि अशा मालकांची यादी सरकारच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते. मी शोधलं. पत्रातल्या नावाची कंपनी नव्हती. तिच्या नावाशी एका शब्दाचा फरक असलेली दुसरी एक होती. पण खरी गोम तारखेत होती. केअर वर्करची परदेशातून नवी भरती ब्रिटनने 22 जुलै 2025 पासून बंद केली, आणि पत्रावरची तारीख होती त्यानंतरच्या ऑक्टोबरची. त्याने आगाऊ रक्कम आधीच भरली होती. "निदान तिकिटापुरते तरी परत देतील ना?" असं त्याने विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

पैशांचं सांगते. भाषेचा वर्ग, परीक्षा, कागदांचं भाषांतर, व्हिसाची फी हे खर्च खरे आहेत आणि त्यांची पावती मिळते. नोकरी मिळवून दिल्याचे पैसे मात्र कामगाराने देऊ नयेत, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या कराराचं मूळ तत्त्व आहे. सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, तरी चांगला मालक ओळखायला ते पुरतं. माझी प्रक्रिया लवकर व्हावी म्हणून रुग्णालयाने जलद पद्धतीचा अर्ज केला आणि त्याची 411 युरोची फी त्यांनीच भरली. माझ्याकडे कोणी मागितलीही नाही. करारात "अमुक वर्षांआधी सोडलं तर इतके पैसे परत" असं कलम असू शकतं. ते डोळ्यांत तेल घालून वाचा, आणि रक्कम वर्षागणिक कमी होते का ते विचारून लेखी घ्या.

"आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग तिथे काम बघू" हा सल्ला नात्यातली माणसंही देतात. ऐकू नका. त्या व्हिसावर केलेलं काम बेकायदा असतं. मालकाने पगार बुडवला तर तक्रार करायलाही तुम्ही घाबरता, आणि पकडले गेलात तर पुढे त्या देशाचं दार कित्येक वर्षं बंद राहू शकतं.

परवा एका मुलीचा मेसेज आला. तिला कॉलेजने तासांचं पत्र दिलंय, पण सगळ्या वॉर्डांची मिळून एकच बेरीज आहे, चालेल का? चालणार नाही. वॉर्डनिहाय वेगळे तास, शेवटी एकूण, प्रत्येक पानावर शिक्का, आणि नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, एका अक्षराचाही फरक नको. मी आखलेला तो तक्ता अजून माझ्याकडे आहे. तिला पाठवलाय, तुम्हालाही पाठवते.