मृगाचा पाऊस आला, सातबारा आला नाही

नाल्याकाठी आमची एक एकर मुरमाड जमीन आहे. भाद्रपदात मोठा पाऊस झाला की दरवर्षी तिचा एक लचका नाला तोडून नेतो. सोयाबीन तिथे कधी धड आलं नाही. म्हणून रोजगार हमीतून बांबू लावायचं ठरवलं. त्याच्या मुळांची जाळी माती धरते, पक्क्या काठ्या दरवर्षी काढल्या तरी बेट जिवंत राहतं आणि हवेतला कार्बन खोडात, मुळात, जमिनीत मुरत जातो. जॉब कार्ड होतं, ग्रामसभेत नाव आलं, रोजगार सेवक जागा पाहून गेले. सगळं भराभर झालं.

अडलं ते सातबाऱ्यावर. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली. जमीन आम्हीच कसत होतो, त्यामुळे नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. योजना मात्र खातेदाराला मिळते.

एप्रिलअखेरीला वारस नोंदीचा अर्ज दिला. पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला परत, कारण सातबाऱ्यावर नावापुढे ‘राव’ आहे आणि दाखल्यावर नाही. तो दुरुस्त करून आणला, तर सासूबाईंच्या आधारवर सासरी ठेवलेलं नाव आणि रेशनकार्डावर माहेरचं. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करा. ते केलं, तर धाकट्या नणंदेच्या आधारची प्रत पुसट. त्या सुरतेला असतात. दर वेळी एकच त्रुटी सांगायची, ती भरून नेली की पुढची काढायची. सगळी यादी पहिल्याच दिवशी लिहून दिली असती तर एका खेपेत काम झालं असतं. हे मी तिथे तोंडावर बोलले. आवाज चढला होता आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

एकदा सासूबाईंना समक्ष बोलावलं. सत्तरीची बाई, गुडघ्याला फडकं बांधलेलं. साडेदहापासून व्हरांड्यातल्या लोखंडी बाकावर बसून होत्या. पिशवीत भाकरी होती, पण मध्येच नावाचा पुकारा झाला तर, म्हणून सोडली नाही. तीन वाजता कळलं, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. परतताना एसटीत त्या एवढंच म्हणाल्या, “त्यांच्या जमिनीसाठी आले गं, नाहीतर आले नसते.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघाला आणि छान बरसला. गावात पेरण्या सुरू झाल्या तेव्हा कुठे आमचा फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला गेला. मग हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस. ती कायद्याचीच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्याआधीच्या चाळीस दिवसांची आहे. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करेपर्यंत जुलै संपत आला. रोपवाटिकेत आमची रोपं पिशव्यांतच होती. काहींची मुळं पिशवी फोडून खालच्या मातीत शिरलेली, उचलताना तुटली.

पॅरिस कराराच्या वेळी, २०१५ मध्ये, आपल्या देशाने सांगितलंय की २०३० पर्यंत जंगलं आणि झाडं वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषून घेऊ. ती झाडं आमच्यासारख्यांच्या बांधावर, पडीक तुकड्यांवरही लागायची आहेत. आणि इथे एका ‘राव’पायी पावसाचे दोन महिने जातात.

तुम्हाला लावायचं असेल तर दिवाळीतच सातबारा काढून बघा. नाव मयताचं असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. आता एक सोय झाली आहे. एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, ती वारस नोंदींसाठीच. आणि बहिणींची, नणंदांची नावं गाळू नका. आमच्या थोरल्या आक्का नवा सातबारा हातात घेऊन स्वतःच्या नावावरून कितीतरी वेळ बोट फिरवत होत्या. खातं सामाईक झालं म्हणून संमतीपत्र लागलं, त्यावर दोघींनी लगेच सही केली. धाकट्या त्यासाठी सुरतेहून आल्या.

लागवड ऑगस्टमध्ये झाली, तीन बाय तीन मीटरवर साडेचारशे खड्डे. रोजगार हमीच्या मजुरांच्या हजेरीचा फोटो मोबाइलवरून दिवसातून दोन वेळा चढवावा लागतो आणि नाल्यात रेंज नाही. एक दिवस फोटो गेलाच नाही, बायांची मजुरी बुडाली. रेंज कुठे येते ते आधीच पाहून ठेवा. शेळ्यांसाठी बोरीच्या काट्यांचं कुंपण पहिल्याच दिवशी घाला, आम्ही आठवडाभर उशीर केला आणि कडेची ओळ गेली. उशिराच्या लागवडीने मार्चनंतर आणखी मर झाली. पुढच्या जूनमध्ये साठेक नांग्या भरल्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली.

आणखी एक राहिलं. बांबू तोडायला परवानगी लागते, असं अजून बरेच जण सांगतात. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. आपल्या शेतातला बांबू तोडायला, न्यायला पास लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात बेटांना जाड कोंब फुटले. सासूबाई काठी टेकत नाल्यापर्यंत गेल्या आणि कोंब मोजून आल्या. सासरे जिथे बांध घालायचे त्या कोपऱ्यात एका बेटाला सात आहेत.