विंडोज काढण्याआधी केबल, प्रिंटर आणि ‘दऱ्या’ तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या वर्कशॉपमध्ये किंवा इंदिरानगर, पंचवटीतल्या घरांमध्ये चौथ्या-सहाव्या पिढीचे आय-थ्री, आय-फाइव्ह अजून ठणठणीत चालतात. ते भंगारात घालायचं काही कारण नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टम बसवा, उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. रॅम ८ जीबी असेल तर मिंटची सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई. हार्डडिस्क फिरणारी असेल तर मात्र आधी एसएसडी घाला, नाहीतर डिस्कच्या संथपणाच्या शिव्या लिनक्सला पडतात.

इन्स्टॉलेशन हा या सगळ्यातला सोपा भाग. अर्ध्या तासात उरकतो. माणसं अडकतात ती कॉम्प्युटरच्या आजूबाजूच्या वस्तूंपाशी. म्हणून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घ्या (फाइल ३ जीबीच्या आसपास असते, उतरवल्यावर तिचा चेकसम, म्हणजे फाइल धड उतरली का ते सांगणारी खूण, जुळवा), मशीन त्यावरून लाइव्ह सुरू करा आणि डिस्कला हातही न लावता रोजची कामं करून बघा. मशीन कुठून सुरू करायचं ते निवडायच्या बूट मेनूसाठी डेल, लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ-९.

विंडोजमध्ये असतानाच तीन गोष्टी करून ठेवा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, कारण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) काही हललं की ती मागितली जाऊ शकते. फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असताना विंडोज ‘शटडाउन’ झाल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात अर्धवट झोपलेलं असतं, आणि मग लिनक्समधून ती ड्राइव्ह फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. तिसरी गोष्ट, इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज (डिस्क हाताळायची पद्धत) इंटेल आरएसटीवर आहे का ते बघा. ते एएचसीआय या दुसऱ्या पद्धतीवर करायचं असतं, पण थेट केलं तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची टिक, मग बायोसमधला बदल, मग विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून टिक काढायची.

डेस्कटॉप असेल तर दोन्ही सिस्टम एकाच डिस्कवर नांदवू नका. २४० जीबीची वेगळी एसएसडी लावा, विंडोजच्या डिस्कची केबल काढा आणि मग मिंट बसवा. चुकीच्या पार्टिशनवर क्लिक व्हायची भीतीच राहत नाही.

आता वर्कशॉपवाल्यांसाठी. सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्रॅम पाठवायला आरएस-२३२ ची सीरियल केबल आणि यूएसबीचं कन्व्हर्टर वापरत असाल तर लिनक्समध्ये ड्रायव्हर शोधावा लागत नाही. एफटीडीआय, सीएच-३४०, पीएल-२३०३ या कन्व्हर्टरमधल्या तिन्ही चिप लिनक्सच्या कर्नलला (गाभ्याला) माहीत असतात. जुन्या पीएल-२३०३ ला विंडोजचा नवा ड्रायव्हर नकार देतो, तेच कन्व्हर्टर इथे निमूट चालतं. तरी दोन ठिकाणी ठेच लागते. एक, पोर्ट उघडताना ‘परवानगी नाही’ असा संदेश. वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात टाकायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. नुसती खिडकी बंद करून उघडली तर काही फरक पडत नाही, आणि निम्मे लोक तिथेच वैतागतात. दोन, सीएच-३४० लावल्यावर पोर्ट क्षणभर दिसतो आणि गायब होतो. ब्रेल उपकरणांसाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा प्रोग्रॅम त्या चिपला आपलं यंत्र समजून ताब्यात घेतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका.

सेटिंग मशीनच्या पॅरामीटरशी जुळलं पाहिजे. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर सहसा ४८०० किंवा ९६०० बॉड (पाठवण्याचा वेग), ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडणारा बिट). स्टॉप बिट पॅरामीटरमध्ये बघून घ्या. केबलवरून फाइल पाठवणाऱ्या क्यूटकॉमसारख्या प्रोग्रॅममध्ये एक्सऑन-एक्सऑफ चालू ठेवायला विसरू नका. बफर भरला की कंट्रोल ‘थांब’ म्हणतो, ते समोरच्याने ऐकलं नाही तर मधली अक्षरं गळतात. एखादा टिंब गळणं ही क्षुल्लक बाब नाही: मेट्रिकमध्ये ‘एक्स ५०.’ म्हणजे ५० मिलिमीटर, आणि टिंब नसेल तर बऱ्याच कंट्रोलवर तेच ५० मायक्रॉन होतात. फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह हवंच. पहिला प्रोग्रॅम पाठवल्यावर मशीनवरून परत मागवा, मूळ फाइलशी ताडून बघा, आणि तरीही पहिला जॉब सिंगल ब्लॉकमध्येच (एकेक ओळ करत) चालवा.

प्रिंटरचं म्हणाल तर आपल्याकडच्या ऑफिसांत दोन मॉडेल हमखास सापडतात. एचपी लेझरजेट १०२० च्या पोटात फर्मवेअर टिकत नाही, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवायचं असतं. मिंटमधलं एचपीलिप (एचपीचं ड्रायव्हर पॅकेज) त्याला ओळखतं, पण फर्मवेअर वेगळ्या प्लगइनमध्ये येतं आणि ते इंटरनेटवरून एकदा उतरवावं लागतं. ते नसेल तर काम रांगेत लागतं, कागद मात्र जागचा हलत नाही. एचपीलिप अपडेट झालं की प्लगइनही त्याच आवृत्तीचं लागतं, म्हणून प्रिंटर अचानक मुका झाला तर आधी तिथे बघा. कॅनन एलबीपी २९०० ची भाषा निराळी, तिला कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर आणि त्याची सेवा दोन्ही लागतात. रोज शंभर पानं काढायची असतील तर त्याच्या नादी न लागता तो एखाद्या विंडोज मशीनलाच जोडलेला ठेवा. अलीकडचे वायफायवाले प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात.

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आयता मिळतो. परीक्षा म्हणून ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द टाइप करून बघा. समुद्राला ओ, जे, डी, स्लॅश, ई. सह्याद्रीतल्या दऱ्यांना फक्त दुसरी कळ बदलते, जे ऐवजी शिफ्ट-जे. शिफ्ट-एनवर ळ आहे. उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय असेल तर कीबोर्डच्या यादीत मराठीचा कगप फोनेटिक निवडा.

लिबरऑफिसमध्ये (मिंटमधल्या वर्डसारख्या ऑफिस प्रोग्रॅममध्ये) मराठीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळ्या खान्यात असतो. स्टाइलमध्ये वरचा पाश्चात्त्य फॉन्ट कितीही बदलला तरी मराठी ढिम्म राहते, कारण तिचं सेटिंग सीटीएल (गुंतागुंतीच्या लिप्या) या नावाखाली आहे. मजकुराची भाषाही मराठीच लावा, हिंदी नको. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. मंगल फॉन्ट मिंटसोबत येत नाही, त्यामुळे त्यातली जुनी पत्रं दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतात आणि ओळी सरकतात. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा. श्री-लिपी किंवा शिवाजीमधल्या जुन्या फाइल मात्र युनिकोड नाहीत. फॉन्ट बसवला तर वाचता येतात, पण तो मजकूर पुढे वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. सोसायटीच्या इतिवृत्तात ‘कर्ज’चं भलतंच काही व्हायला नको.

टॅली लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीतून) चालवायचा खटाटोप करू नका. मिंटच्या आत दुसरी सिस्टम चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ठेवा आणि ८ जीबीतली ४ जीबी रॅम त्याला द्या. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन त्या आतल्या विंडोजला दिसत नसेल तर वापरकर्ता ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात आहे का ते बघा. ११ आणि २० तारखेच्या आसपास, आणि मार्चअखेरीला तर नाहीच नाही, असा बदल करायला घेऊ नये. त्या दिवसांत जीएसटीचं रिटर्न महत्त्वाचं.

दोन्ही सिस्टम आलटून पालटून वापरताना विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलं तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तिलाच भारताची वेळ समजतं. मिंटला स्थानिक वेळ लिहायला सांगितलं की भांडण मिटतं.

आणि पेनड्राइव्ह. कॉपीची पट्टी भरली तरी डेटा काही वेळ मेमरीतच असतो. ‘इजेक्ट’ दाबून ‘आता काढा’ असा संदेश येईपर्यंत थांबा, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात पोहोचल्यावर शून्य बाइटची फाइल निघते.