बंडूनं मला मागे टाकलं

रानातली ही वाट पाच किलोमीटरची. वळसा घालून, जिथं गाडी लावली तिथंच आणून सोडते. पूर्वी मी आणि माझी दोन कुत्री, बंडू आणि चिमणी, ती तासाभरात संपवायचो. आता आडव्या पडलेल्या ओंडक्यापर्यंत, म्हणजे जेमतेम पाऊण किलोमीटर जातो आणि परत फिरतो. वेळ तेवढाच लागतो.

परदेशात आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. या वाटेवर भेटणाऱ्यांनी आधी बंडूचं नाव विचारलं, माझं विचारायला त्यांना वर्ष लागलं. बंडूला मराठीच कळतं, त्यामुळे इथल्या चार-पाच जणांना ‘थांब’ आणि ‘चल’ हे दोन शब्द चोख येतात. आता त्यांचाही उपयोग नाही, कारण बंडूला ऐकू येत नाही. हात वर केला की थांबतो. म्हणजे माझ्याकडे बघत असला तर.

बंडू लॅब्राडोर, चिमणी दोन-तीन जातींची मिसळ, वजन सहा किलो. दोघंही बारा वर्षांची. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब काही खरा नाही. २०२० साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी लॅब्राडोरांच्या डीएनएवर वयागणिक होणारे रासायनिक बदल माणसांशी ताडून एक सूत्र मांडलं: कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिदम (कॅल्क्युलेटरवरचं ‘ln’ बटण) गुणिले १६, अधिक ३१. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. बंडू निघाला ७१ चा. मी ६२ चा. त्याला आणलं तेव्हा मी पन्नाशीत होतो आणि तो मुठीएवढा. चार-पाच वर्षांचा असतानाच कधीतरी तो मला ओलांडून गेला, आणि मी आपला त्याला ‘बाळा’च म्हणत राहिलो! चिमणीला हे सूत्र लावलं नाही. लहान चणीची कुत्री सावकाश म्हातारी होतात, हे ती रोज आमच्यापुढे पळून दाखवतेच.

त्याच्या डोळ्यांत निळसर झाक आलीय. मला वाटलं मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, नाही, भिंग घट्ट होत चाललंय, दिसायला फारशी अडचण नाही. म्हणजे आपली चाळिशीच की! मी खिशातला चष्मा चाचपला.

खडीवरून चालताना मागच्या पायांची नखं घासतात. खर्र, मग जरा शांतता, मग पुन्हा खर्र. मागे वळून न बघता मला कळतं तो किती दमलाय. उताराला त्याचे जास्तच हाल होतात. कुत्र्याचं साठेक टक्के वजन एरवीच पुढच्या पायांवर असतं, उतरताना आणखी पडतं. माझे गुडघेही चढापेक्षा उतारालाच कुरकुरतात. मग आम्ही दोघं तिरके तिरके उतरतो. बघणाऱ्याला गंमत वाटत असेल.

नाक मात्र शाबूत आहे. परवा एका गवताच्या पुंजक्यापाशी तो दहा मिनिटं उभा होता. एकेक पातं, खालून वर, मग पुन्हा खालून. पूर्वी मी पट्टा ओढला असता. परवा ओंडक्यावर बसून राहिलो.

परतल्यावर गाडीत चढायची उतरती फळी लावली. बंडू अर्ध्यावर चढला आणि तिथंच बसला. उचलायला वाकलो तर माझी कंबर धरली, म्हणून मीही त्याच्या शेजारी टेकलो. चिमणी केव्हाच आत जाऊन आमच्या दोघांवर भुंकत होती.