तुम्ही विचारलंत म्हणून: जे इथे विकतच नाहीत, त्यावर एवढा राग कशाला?

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. ऑफिसात चहाच्या वेळी, मेहुण्याच्या साखरपुड्यात, आणि घरी तर वर्षातून दोन-तीनदा ठरलेलाच. जी कंपनी आपल्याकडे साधं दुकान टाकत नाही, तिचे येणारे गेम तू डोळ्यांत तेल घालून बघतोस आणि मग दोन दिवस घुश्शात असतोस. कशाला?

आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या साखरपुड्यात जेवता तरी येईल.

ती कंपनी म्हणजे जपानची निन्टेंडो, मारिओवाली. त्याहून जास्त सांगत बसत नाही. '९९९९ इन १' कॅसेटीवर फुंकर मारून टीव्ही गेम लावलेली माणसं आहात तुम्ही.

आधी एक गैरसमज. तुम्हाला वाटतं, दाखवलेलं आवडलं नाही म्हणून मी चिडतो. उलट आहे. २ एप्रिल २०२५ ला स्विच २ ह्या त्यांच्या नव्या गेम-यंत्राचा डायरेक्ट, म्हणजे येणारे गेम दाखवणारा ऑनलाइन कार्यक्रम, झाला, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. मारिओ कार्ट वर्ल्डमध्ये एका शर्यतीत २४ जण, आणि शर्यत नसेल तेव्हा गाडी घेऊन कुठेही उंडारायची मोकळीक. डाँकी काँगचा थ्रीडी गेम १९९९ नंतर पहिल्यांदाच, आणि त्यात डोंगर, जमीन, भिंती, जे दिसेल ते फोडत जायचं. मेट्रॉइड प्राइम ४ आता माउससारखा कंट्रोलर टेबलावर घासूनही खेळता येणार. फ्रॉमसॉफ्टवेअर ह्या स्टुडिओचा नवा गेम फक्त ह्याच यंत्रासाठी. (तो अनेकांनी मिळून खेळायचा आहे हे कळल्यावर माझा उत्साह निम्मा झाला, पण ते माझं एकलकोंडेपण.) यादी वाईट असती तर मी सुटलो असतो. टीव्ही बंद करून जेवायला बसलो असतो.

किमती त्यांनी कार्यक्रमात सांगितल्याच नाहीत, त्या नंतर वेबसाइटवर आल्या. अमेरिकेत यंत्र ४४९.९९ डॉलर, तेव्हाच्या दराने साडेअडतीस हजारांच्या आसपास. मारिओ कार्ट ७९.९९ डॉलर, म्हणजे एका गेमला पावणेसात हजारांहून जास्त. नव्या यंत्राची ओळख करून देणारा एक गेम आहे, त्यालाही वेगळे पैसे. जपानमध्ये मात्र फक्त जपानी भाषेत चालणारं यंत्र ४९,९८० येनला आणि सगळ्या भाषांचं ६९,९८० ला. घरच्या गिऱ्हाइकाला सांभाळायचं कसं, हे त्यांना नीट कळतं. आम्ही त्या हिशोबात कुठेच नाही. पंगतीत वाढप्यानं आपलं पान ओलांडून पुढं जावं, आणि जाताना आपल्याकडे बघून हसावंही, तसं आहे हे.

आणि ते गेम-की कार्ड. काही गेमच्या कॅसेटीत आता गेम नसणारच, नुसती किल्ली. गेम इंटरनेटवरून उतरवायचा. आमच्यासारख्यांचा सगळा व्यवहार कॅसेटीवर चालतो. इथलं खातं त्यांच्या ऑनलाइन दुकानात चालत नाही, परदेशातलं खातं काढायचं, गिफ्ट कार्डं शोधायची. कॅसेट बरी. खेळून झाली की विकायची, अदलाबदल करायची. थ्रीडीएस आणि वी यू ह्या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला त्यांनी बंद केलं, तेव्हापासून 'उतरवून घ्या' ह्या शब्दांवर माझा विश्वास नाही.

"मग प्लेस्टेशन घे की." हेही येतंच. ते इथे रीतसर मिळतं, २०२१ च्या फेब्रुवारीत पीएस५ इथे ४९,९९० ला आलं, मान्य. मित्राकडे जाऊन मनसोक्त खेळलोय. चांगलं आहे. पण भजनाची आवड असलेल्याला लावणीचं तिकीट स्वस्त आहे हो, असं तुम्ही सांगत नाही ना?

ह्यात सर्वांत बोचणारी गोष्ट पुण्याची आहे. नॉडिंग हेड्स ह्या पुण्यातल्या स्टुडिओनं 'राजी' नावाचा गेम केला, आपली मंदिरं, आपले देव, आपली भित्तिचित्रं घेऊन. ऑगस्ट २०२० मध्ये तो सगळ्यांत आधी कुठे आला? पहिल्या स्विचवर. पुण्यात तयार झालेला गेम पुण्यात न विकल्या जाणाऱ्या यंत्रावर पहिल्यांदा. मला अभिमान वाटला होता आणि कुणाला तरी धरून हलवावंसंही वाटलं होतं.

पण खरं सांगायचं तर माझ्या रागाचं मूळ ह्यातल्या कशातच नाही. ते २ एप्रिलच्याच संध्याकाळी आहे, डायरेक्ट संपल्यानंतरच्या फोनमध्ये.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. मी त्याला दादा म्हणतो. माझा पहिला स्विच त्यानंच २०१८ च्या दिवाळीत येताना आणला. त्या संध्याकाळी आपल्याकडे साडेसात वाजून गेलेले, तिथे सकाळ. मी फोन लावला आणि सुटलोच. प्री-ऑर्डर ९ एप्रिलला उघडणार, कंपनीच्या स्वतःच्या दुकानात नंबर लावायला किमान १२ महिन्यांची पैसे भरलेली सदस्यता आणि ५० तास खेळल्याची नोंद लागते, ती तुझ्याकडे नाही, तर तू दुसऱ्या एखाद्या दुकानात रात्री जागून बघ. दादाला गेममधलं ओ की ठो कळत नाही. कॅरम सोडून त्यानं कशाला हात लावलेला नाही. तो "बघतो रे, बघतो" म्हणत होता.

फोन स्पीकरवर आहे हे मला ठाऊक नव्हतं. मागून वहिनी बोलली. मला नाही, त्याला.

"परत? मागच्या वेळी ह्याच्या खोक्यापायी आईची कमोडची उंच सीट इथेच राहिली होती."

दादा "अगं" एवढंच म्हणाला. स्पीकर बंद झाल्याचा आवाज आला. मग तो माझ्याशी मोठ्यानं हवापाण्याचं बोलायला लागला.

वहिनीची आई साताऱ्याला असते. २०१८ च्या त्या दिवाळीत आम्ही सगळे त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, सोफ्यावरून उठताना दोन्ही बाजूंनी हात द्यावे लागत. मी स्विच बरोबर नेला होता. सगळ्या पोरांना दाखवत होतो. त्या माउली म्हणाल्या, "काय सुरेख चित्रं आहेत रे." वहिनी तिथेच होती, करंज्या वाढत.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. हे मी पुन्हा लिहितो, कारण ते महत्त्वाचं आहे: मला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, राहू दे. म्हणालो असतो का? बहुतेक. त्या रात्री मी माळ्यावरून स्विचचं रिकामं खोकं काढलं आणि टेप लावून मोजलं. ते काही एवढं मोठं नाही. सीट त्याच्यापेक्षा मोठीच असणार, म्हणजे खोकं काढून सीट बसली असती हे गणित जमत नाही. वजनाचा प्रश्न असेल तर बॅगेत इतर चॉकलेटंही होती, आणि ती मी मागवली नव्हती. हे वहिनीला दोष देण्यासाठी लिहीत नाही. थोडा देण्यासाठी लिहितोय. सहा वर्षांहून जास्त काळ तिनं ते मनात ठेवलं आणि दरवेळी मला हसून "काय म्हणतो तुझा मारिओ" विचारलं.

आता कळलं का चिडतो ते? कॉलेज रोडला एखाद्या दुकानात ते खोकं रीतसर ठेवलेलं असतं तर मी हप्त्यावर घेतलं असतं, बायकोची बोलणी खाल्ली असती, संपलं. वहिनीच्या बॅगेचा संबंध आला नसता. नवे गेम जाहीर झाले की बाकीचे खेळाडू गिऱ्हाईक होतात आणि मी याचक होतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला परस्पर आणलेलं मिळतं की, म्हणाल. मिळतं. तिथल्या एका दुकानदारानं भाव सांगताना माझ्याकडे बघितलंही नाही, आणि वॉरंटीचं विचारल्यावर मात्र बघितलं.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. दोनच दिवसांत, नव्या आयातशुल्कांमुळे, अमेरिकेतल्या प्री-ऑर्डर पुढे ढकलल्याची बातमी आली. जगभरचे गेमर शिव्या देत होते. मला हायसं वाटलं. २४ एप्रिलला त्या सुरू झाल्या तेव्हा दादाचाच मेसेज आला, "लावू का नंबर?" मी "नको, घाई नाही" लिहिलं. त्यानं अंगठा पाठवला. तो वहिनीनं पाठवायला लावला होता की आपणहून, ह्यावर मी जितका विचार केला तितका करायला नको होता.

माझंच एक जुनं रूप मध्येमध्ये येऊन वाद घालतं. जून २०१७ मध्ये मेट्रॉइड प्राइम ४ चा नुसता लोगो दाखवला होता, तेव्हा मी छातीठोक सांगितलेलं: हा गेम येईपर्यंत कंपनीही भारतात येईल. अगदीच हवेतलं नव्हतं ते. २००८ मध्ये एचसीएलनं इथे वी आणि डीएस ही त्यांची जुनी यंत्रं विकलीच होती. २०१९ च्या जानेवारीत तो गेम पहिल्यापासून नव्यानं करायला घेतला. तरी तो तरुण म्हणतोच, थांब, येतील. मी त्याला म्हणतो, तुझं काय जातंय, सामान आणणारी माणसं तुझ्यासमोर कधी बोललीच नाहीत. तो म्हणतो, मग बघणं सोड. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी बघणं सोडलेलंही नाही.

मेट्रॉइड शेवटी ४ डिसेंबर २०२५ ला आला. नव्या यंत्रावर आला तसा जुन्यावरही. २०१८ च्या त्याच स्विचवर मी खेळलो, चांगला चालला. बायको म्हणाली, "बघ, नवीन लागलंच नाही." बरोबर आहे तिचं. पण डाँकी काँग जुन्यावर चालत नाही, आणि दादा-वहिनी येत्या दिवाळीत येणार आहेत.