आमची वाटचाल : रातांब्याचा पैसा गावातच

कुडाळ तालुक्यातील आमच्या गावात बहुतेक परड्यांत रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, एखादे तरी झाड आहे. तरीही आम्ही कोकम प्रक्रियेचा उद्योग सुरू करण्यापूर्वी घरापुरती सोले (वाळवलेल्या साली) आणि आगळ (मीठ घातलेला रस) झाल्यावर उरलेली बरीचशी फळे झाडाखालीच कुजत असत. फळ एप्रिल-मेमध्ये पिकते, फार टिकत नाही, आणि पाऊस लवकर आला की वाळवण संपते. त्यामुळे व्यापारी सांगेल त्या दराने सोले देण्यावाचून गत्यंतर नसे.

म्हणून ओले फळ गावातच विकत घ्यायचे, देणाऱ्यासमोर काट्यावर तोलायचे आणि संध्याकाळपर्यंत रोख पैसे हातात द्यायचे, हा नियम आम्ही पहिल्या हंगामापासून पाळला. फळे गोळा करणाऱ्या बहुतेक बायका. आणि हा पैसा त्यांच्या हाती येतो तो नेमका भाताचे बियाणे, खत व मुलांची वह्या-पुस्तके घेण्याच्या तोंडावर. अनुदानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मी या वेळेला देतो.

शेडमध्ये फळे धुऊन फोडली जातात, गर-बिया वेगळ्या काढल्या जातात आणि साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवल्या जातात. साल किती काळी पडली म्हणजे रसाचे पुट पुरे झाले, हे आमच्या जुन्या कामगार बायका बोटांनी दाबूनच सांगतात. पूर्वी उकिरड्यावर जाणाऱ्या बियाही आता आम्ही विकत घेतो, कारण त्यांतून निघणारे, एरवी घट्टच राहणारे तेल सौंदर्यप्रसाधनांसाठी खपते.

सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने बाहेरचे ग्राहक नावानिशी विचारू लागले. पुढे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून, म्हणजे कर्जाशी जोडलेल्या 35 टक्के अनुदानातून, वाळवणयंत्र आले आणि पावसाची धास्ती कमी झाली.

आता अडचण आहे ती फळाची. बियांपासून वाढवलेल्या झाडांत जवळपास निम्मी नर, म्हणजे फळ न धरणारी, निघतात आणि ते कळायलाच सहा-सात वर्षे जातात. म्हणून आम्हाला फळे देणाऱ्या घरांना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘कोकण अमृता’ जातीची कलमे आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीला देतो, आणि त्या झाडांचे फळ घेण्याची हमी लेखी देतो.